नाव घेतल्याने पाणी निवळत नाही : निवळीच्या बीपासून करवंटीच्या कोळशापर्यंत

१/
गढूळ पाणी निवळते, आभाळ निवळते, पेटलेला वादही निवळतो. मराठीत रोज वापरल्या जाणाऱ्या या क्रियापदाच्या कुळातील 'निवळी' हे एका झाडाचे नाव आहे. संस्कृतात त्याला 'कतक' म्हणतात. त्याचे बी मडक्याच्या आतल्या अंगाला घासून पाणी भरून ठेवले की गाळ तळाशी बसतो. वनस्पतींच्या साहाय्याने पाणी स्वच्छ करण्याचा इतिहास या बीपासून सुरू करता येतो. त्या इतिहासात मोठी हुशारी आहे, आणि अनेकांचे प्राण घेणारी एक गल्लतही आहे.

२/
ती गल्लत म्हणजे नितळ दिसणारे पाणी सुरक्षित मानणे. वस्तुतः ही तीन निरनिराळी कामे आहेत. पहिले, पाण्यात तरंगणारा गाळ खाली बसवणे. दुसरे, पाण्यात विरघळलेला रंग, वास वा विष काढून घेणे. तिसरे, रोगजंतूंचा नाश करणे. एक काम झाले म्हणजे उरलेली दोन झाली असे होत नाही. पुढील प्रत्येक प्रसंग वाचताना यांपैकी कोणते काम झाले आणि कोणते राहिले, एवढेच पाहत जावे.

३/
आरंभ सुश्रुतसंहितेपासून. हा ग्रंथ अनेक शतकांत आकाराला आला. त्याच्या सूत्रस्थानातील ४५व्या अध्यायात गढूळ पाणी निवळवणारी सात द्रव्ये दिली आहेत : कतक, गोमेद, कमळाच्या देठाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. यातील तीन गोष्टी थेट वनस्पतींच्या आहेत. वस्त्राने पाणी गाळणे आजही घरोघर चालते. रत्नांच्या उपयोगाबद्दल शंका घेता येईल. कतकाच्या उपयोगाबद्दल मात्र आजच्या प्रयोगशाळाही शंका घेत नाहीत.

४/
त्याच अध्यायातील आणखी एक विधान अधिक मोलाचे आहे. बिघडलेल्या पाण्यासाठी तेथे उपायांचे वेगवेगळे गट सांगितले आहेत. पाणी अग्नीवर उकळावे, उन्हात तापवावे किंवा तापवलेला लोखंडाचा गोळा, वाळू वा ढेकूळ त्यात विझवावे. ते निवळवावे. नागचंपक, कमळ, पाटला अशा फुलांनी त्याला सुवास द्यावा. म्हणजे तापवणे, निवळवणे आणि वास घालवणे यांसाठी स्वतंत्र शब्द आणि स्वतंत्र कृती आहेत. जंतूंची कल्पना नसलेल्या काळातही या कृती एकमेकींत मिसळलेल्या नाहीत.

५/
निवळी ही केवळ वैद्यांची वस्तू नव्हती. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचाच दृष्टान्त दिला जातो, आणि कतकाचा दृष्टान्त संस्कृत साहित्यात वारंवार येतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे की कतकाचे फळ पाणी निवळवते हे खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. तेथे मुद्दा आचरणाचा आहे : धर्माची बाह्य चिन्हे धारण करणे पुरेसे नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने हे वाक्य आपल्या मेजावर लिहून ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

६/
कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'च्या दुसऱ्या अंकात हाच दृष्टान्त वेगळ्या रूपात येतो : शहाण्याच्या सहवासाने मंदबुद्धीही सुधारतो, जसे चिखल दूर करणारे फळ घासल्याने गढूळ पाणी. फळ पाण्यात नुसते टाकायचे नसून घासायचे असते, ही कृतीही त्यात नोंदली गेली. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'आत्मबोधा'त ज्ञानाला कतकाच्या चूर्णाची उपमा आहे. अज्ञान नाहीसे करून ज्ञान स्वतःही लोपते, जसे ते चूर्ण गाळ खाली नेताना स्वतःही खाली बसते. तत्त्वज्ञानासाठी वापरलेले हे निरीक्षण रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे.

७/
सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त भूजलावर 'दकार्गल' नावाचा अध्याय आहे. त्याच्या शेवटी विहिरीत टाकण्याचा एक योग दिला आहे : अंजन, नागरमोथा, वाळा, राजकोशातक आणि आवळा यांचे चूर्ण, त्यात कतकाचे फळ. गढूळ, कडू, खारट, बेचव किंवा दुर्गंधी पाणी याने निर्मळ, रुचकर आणि सुगंधी होते, असा ग्रंथाचा दावा आहे. गढूळपणा कमी होणे समजण्यासारखे आहे. वाळ्याने सुगंध येतो. खारटपणा मात्र या चूर्णांनी जात नाही. म्हणून जुन्या ग्रंथातील प्रत्येक दावा स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

८/
अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग हे वनस्पतिशास्त्रज्ञ कोरोमंडल किनाऱ्यावर काम करत होते. त्यांनी या झाडाचे वर्णन करताना लिहिले की बिया बाजारोबाजार विकल्या जातात. बिनझिलईच्या मातीच्या भांड्याला बी आतून एक-दोन मिनिटे घासतात, पाणी स्थिर ठेवतात आणि थोड्याच वेळात गाळ बसतो. कंपनीच्या सैन्यातील दूरदर्शी अधिकारी आणि शिपाई युद्धकाळात या बिया सोबत बाळगत, अशीही त्यांची नोंद आहे. झाडाच्या शास्त्रीय नावातील 'पोटाटोरम' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'पिणाऱ्यांचे' असा आहे.

९/
बी नेमके काय करते? मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात ऋणभारित असतात. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते तरंगतच राहतात. बियांतील प्रथिने आणि बहुशर्करा या कणांच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्यांना एकमेकांशी बांधतात, कणांचे गोळे होतात आणि वजनाने खाली बसतात. तुरटीही असाच साका बसवते. १९७६ मध्ये नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या इंग्रजी नियतकालिकात निवळीच्या बियांवर शोधनिबंध आला, तो याच गुणधर्माविषयी होता. तीन कामांपैकी निवळी पहिले काम उत्तम करते.

१०/
आता समाजमाध्यमांवर नेहमी फिरणारा एक दावा. 'चार हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृत ग्रंथात पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवावे, उन्हात ठेवावे आणि कोळशातून गाळावे असे लिहिले आहे.' ग्रंथाचे नाव काही ठिकाणी 'औस्रुत संघित' असे दिसते. या नावाचा संस्कृत ग्रंथ नाही. 'सुश्रुतसंहिता' या नावाचेच ते मोडकेतोडके रूप दिसते. सुश्रुताच्या सात द्रव्यांच्या यादीत कोळसा नाही, आणि तो ग्रंथ इसवी सनापूर्वी २००० इतका जुना असल्याला आधार नाही.

११/
हा दावा पसरण्यात एका प्रतिष्ठित पुस्तकाचा वाटा आहे. अमेरिकन लेखक एम. एन. बेकर यांचा जलशुद्धीकरणाच्या इतिहासावरील ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. त्यात हे वचन १९०५ च्या एका इंग्रजी लेखाच्या आधारे दिले आहे. तेथून ते पाठ्यपुस्तकांत, संकेतस्थळांवर आणि शेवटी मोबाइलवर आले. वाटेत मूळ संस्कृत उघडून पाहणारे थोडेच निघाले. मनुस्मृतीचे वाक्य येथे लागू पडते : ग्रंथाचे नाव घेतल्याने विधान शुद्ध होत नाही. सुश्रुताची खरी नोंद या बनावट वचनापेक्षा कितीतरी अधिक चांगली आहे.

१२/
कोळशाचा जलशुद्धीकरणातील खात्रीचा पुरावा वेगळ्याच ठिकाणी मिळतो. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या शाही औषधशाळेत टोबियास लोविट्झ टार्टारिक आम्लाचे स्फटिक बनवत होते. द्राव तपकिरी होऊन स्फटिक मळके येत. लाकडी कोळशाची पूड मिसळल्यावर द्रावाचा रंग गेला. लोविट्झ यांनी हा प्रयोग इतर द्रवांवर करून पाहिला आणि साठवून कुजलेल्या पाण्याचा वासही कोळशाने जातो हे दाखवले. गाळ बसवण्यापलीकडचे हे दुसरे काम होते : विरघळलेले द्रव्य ओढून घेणे.

१३/
लांबच्या सागरी प्रवासात लाकडी पिंपांतील पाणी सडत असे. पिंपे आतून जाळून कोळशाचा थर धरवावा, ही सूचना या शोधानंतर पुढे आली. १८०३ ते १८०६ या काळात क्रुझेनस्टर्न यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या रशियाच्या पृथ्वीप्रदक्षिणेत अशी पिंपे वापरली गेली. युरोपातील साखर कारखान्यांनी रसाचा रंग काढण्यासाठी कोळसा स्वीकारला. या क्रियेला 'अ‍ॅडसॉर्प्शन' हे नाव १८८१ मध्ये हाइनरिख कायझर यांच्या लेखनातून मिळाले. मराठीत त्याला 'अधिशोषण' म्हणतात.

१४/
शोषण आणि अधिशोषण यांतला भेद साधा आहे. बोळ्याने पाणी टिपले की पाणी बोळ्याच्या आत जाते, ते शोषण. कोळशाच्या पृष्ठभागाला रंगाचा रेणू चिकटतो, ते अधिशोषण. म्हणून सारा खेळ पृष्ठभागाचा असतो. वनस्पतीच्या पेशींची रचना जळाल्यावरही कोळशात असंख्य छिद्रे ठेवून जाते, आणि वाफेने वा रसायनांनी ती आणखी उघडता येतात. अशा सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर भरू शकतो. म्हणजे चिमूटभर कोळशात कबड्डीची सात मैदाने.

१५/
येथवरची कथा विजयाची वाटते. आता १८५४ चे लंडन. सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचे पाणी चवीसाठी नावाजलेले होते. हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक वृद्ध विधवा त्या चवीखातर तेच पाणी रोज गाडीतून मागवत असे. ऑगस्टअखेरीस आलेले पाणी प्यायल्यावर दोनच दिवसांत ती पटकीने दगावली. तिच्या नव्या वस्तीत पटकीची साथ नव्हती. डॉ. जॉन स्नो यांच्या तपासातील हा सर्वांत ठोस पुराव्यांपैकी एक ठरला. त्या साथीत ६०० हून अधिक माणसे गेली. पाणी जवळजवळ नितळ होते.

१६/
त्या काळात सुखवस्तू इंग्रज घरांत कोळशाच्या गाळण्या दिमाखाने ठेवलेल्या असत. १८८५ मध्ये पर्सी फ्रँकलँड यांनी जंतू मोजण्याच्या नव्या पद्धतीने गाळण्यांची परीक्षा घेतली. हाडांच्या ताज्या कोळशाने सुरुवातीला जंतू अडवले. पण महिनाभर वापरलेल्या गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत गेलेल्या पाण्यापेक्षा अधिक जंतू सापडले. चिकटलेल्या सेंद्रिय द्रव्यावर ते पोसले गेले होते. लाकडाचा असो की हाडांचा, कोळसा जंतूंचा वैरी नव्हे. न बदललेली गाळणी जंतूंचे घर होते.

१७/
कोळशाला नवे रूप दिले ते युद्धाने. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय लाकडी कोळशाचा मुखवटा तयार केला. अमेरिकेने मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंट्या निवडल्या, कारण करवंटी घट्ट असते आणि तिच्या कोळशातील छिद्रे अतिसूक्ष्म असतात. करवंट्या पुरेनात, तेव्हा १९१८ मध्ये नागरिकांकडून पीच आणि जर्दाळूच्या कोया गोळा करण्यात आल्या. स्वयंपाकघरातील कचऱ्यावर सैनिकांचा श्वास अवलंबून राहिला.

१८/
युद्ध संपले आणि हे तंत्र पाण्याकडे परतले. शहरांनी तोवर जंतुनाशासाठी क्लोरीन वापरण्यास आरंभ केला होता. कारखान्यांच्या सांडपाण्यातील फिनॉल नदीत मिसळले की क्लोरीनशी संयोग होऊन पाण्याला औषधासारखी उग्र चव येई. १९२९ मध्ये जर्मनीतील हाम येथे आणि १९३० मध्ये अमेरिकेतील बे सिटी येथे सक्रिय कोळशाच्या गाळण्या बसवल्या गेल्या. येथे कामांची विभागणी स्पष्ट झाली : जंतू क्लोरीनने मारायचे, चव आणि वास कोळशाने काढायचा. आज घरच्या शुद्धीकरण यंत्रातही करवंटीचा कोळसा हेच काम करतो.

१९/
खेड्यांत ना क्लोरीन होते ना कारखान्यातील कोळसा. सुदानमध्ये नाईल नदीला पूर आला की पाणी चिखलासारखे होई, आणि तेथील स्त्रिया त्यात शेवग्याच्या बियांची पूड मिसळत. शेवगा मूळचा भारतीय उपखंडातला. सुदानी अरबीत त्याला 'पाणी निवळवणारे झाड' या अर्थाचे नाव मिळाले. सामिया अल अझरिया जान या संशोधिकेने १९७० च्या दशकापासून या स्त्रियांच्या पद्धतींची शिस्तशीर नोंद आणि तपासणी केली. घरगुती ज्ञान असे प्रयोगशाळेत पोहोचले, आणि शेवग्यावर जगभर संशोधन सुरू झाले.

२०/
शेवग्याच्या बियांत पाण्यात विरघळणारी धनभारित प्रथिने असतात. ती गाळाबरोबर जंतूंनाही चिकटून खाली नेतात. योग्य प्रमाणात वापरल्यास जंतूंची संख्या ९० ते ९९ टक्के घटल्याचे प्रयोगांत आढळले. पण लाखांतील ९९ टक्के गेले तरी हजार उरतात. शिवाय बियांतील इतर सेंद्रिय द्रव्य पाण्यातच राहते आणि त्यावर उरलेले जंतू पुन्हा वाढतात. म्हणून हे पाणी साठवायचे नसते. २०१२ मध्ये अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात हे प्रथिन वाळूवर चिकटवून बाकीचे द्रव्य धुऊन टाकण्याची युक्ती प्रसिद्ध झाली.

२१/
गल्लतीचा सर्वांत मोठा धडा शेजारच्या बंगालने दिला. तळी आणि नद्यांच्या दूषित पाण्यापासून सुटका व्हावी म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी थंड आणि नितळ होते. अतिसारापासून त्याने अनेकांना वाचवलेही. पण त्यात जमिनीतील आर्सेनिक विरघळलेले होते. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये पश्चिम बंगालच्या रुग्णांच्या त्वचेवरील डागांचे निदान झाले. २००१ च्या पाहणीनुसार बांगलादेशात सुमारे ३.५ कोटी लोक लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिकचे पाणी पीत होते.

२२/
या विषाला ना रंग, ना वास, ना चव. निवळीच्या बीला बसवण्यासारखा गाळच त्यात नव्हता, आणि साधा लाकडी कोळसा आर्सेनिक नीट धरत नाही. रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी कुष्टियाच्या परिसरात विकसित केलेल्या 'सोनो' गाळणीत म्हणून लोखंडाचा विशेष थर घातला. आर्सेनिक लोखंडाच्या गंजाला चिकटते. वाळू आणि विटांचे तुकडे कण अडवतात. लाकडी कोळसा सेंद्रिय द्रव्य काढतो. या गाळणीला २००७ मध्ये ग्रेंजर पुरस्कार मिळाला. कोळशाला त्यात जागा आहे, पण त्याच्या कामापुरतीच.

२३/
महाराष्ट्रातही असा एक धागा आहे. पुण्यातील टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून स्वस्त गाळणी बनवण्याचे काम अनेक वर्षे चालले. 'सुजल' नावाची गाळणी त्यातून आली. तुसाच्या राखेत सच्छिद्र सिलिका आणि थोडा कार्बन असतो. ती गढूळपणा आणि वास धरते, जंतूंची खात्री देत नाही. म्हणून डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आलेल्या 'टाटा स्वच्छ' यंत्रात राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवले होते. राखेचे काम राखेला, जंतुनाशाचे काम चांदीला.

२४/
गेल्या काही दशकांत लाकडाचा भुसा, तूस, फळांच्या साली असे असंख्य पदार्थ अधिशोषक म्हणून तपासले गेले. २०११ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी केळीच्या सालीच्या भुकटीने पाराना नदीच्या पाण्यातील तांबे आणि शिसे वेगळे करून दाखवले. अशा बातम्या वाचून साल थेट माठात टाकण्याचा मोह होतो. पण अधिशोषण विषाचा नाश करत नाही, त्याची जागा बदलते. पाण्यातले शिसे सालीत आले. आता ती साल उकिरड्यावर टाकली तर ते पावसाबरोबर पुन्हा मातीत आणि पाण्यात जाते. वापरलेल्या अधिशोषकाचे काय करायचे, हा या तंत्राचा उरलेला अर्धा भाग आहे.

२५/
या साऱ्या इतिहासात दोन टोके टाळावी लागतात. 'पूर्वजांना सगळे ठाऊक होते' म्हणणारा खारट विहिरीचा दावा आणि बनावट वचन दोन्ही गिळतो. 'ती सारी अंधश्रद्धा' म्हणणाऱ्याला सुश्रुताची वेगवेगळी नोंद आणि सुदानी स्त्रियांची परीक्षित पद्धत दिसत नाही. निवळीने गाळ बसवला, करवंटीच्या कोळशाने वास ओढला, आचेने जंतू मारले. ज्यांनी ही कामे वेगळी ओळखली त्यांचे पाणी बरे राहिले. ज्यांनी फक्त डोळ्यांवर विश्वास ठेवला त्यांना ब्रॉड स्ट्रीट आणि बंगालने उत्तर दिले.

२६/
निवळीची झाडे दख्खनच्या पानझडी जंगलांत आजही आहेत. गावातील जुन्या माणसांना विचारल्यास बी कसे घासायचे, किती वेळ थांबायचे आणि नंतर पाणी उकळायचे की नाही, हे तपशील अजून मिळू शकतात. ते मिळाले तर जसेच्या तसे नोंदवून ठेवावेत : कोणी सांगितले, कोठे, कोणत्या पाण्यासाठी. इतिहासाचे साधन असेच तयार होते. पाणी मात्र पिण्यापूर्वी तपासून आणि उकळूनच घ्यावे.